शांत होईपर्यंत

प्रशिक्षण केंद्र
१२ मार्च

आत्या,

नमस्काराऐवजी कडक सॅल्यूट. दिवसभर तेच चालतं, त्यामुळे हात आपोआप कपाळाकडे जातो. काल जेवण वाढणाऱ्या काकांनाही ठोकून दिला. ते बिचारे डाव हातात घेऊन सावधानमध्ये उभे राहिले.

फोन पहिल्याच दिवशी काढून घेतले, म्हणून पत्र. शाळेत निबंध म्हटला की जिच्या पोटात दुखायचं त्या ठकीनं आपणहून कागद घेतलाय, हे बाबांना नक्की सांग. आणि हेही सांग की त्यांनी कमरेत आत घेतलेली पॅन्ट अगदी बेतात बसली. इथे मिळालेल्या पॅन्टमध्ये माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या. शिंपी बाप असल्याचे फायदे. मुली रांग लावून विचारतात, तुझे बाबा टपालानं माप घेतात का.

आमची तुकडी नेहमीच्या दुप्पट आहे आणि खोल्या मात्र होत्या तेवढ्याच. उरलेल्या आम्हा मुलींना 'नकली घरात' टाकलंय. एका शेडमध्ये प्लायवूडच्या भिंतींचं अख्खं घर उभं केलेलं आहे. खोटं स्वयंपाकघर, खोटा जिना, खोटा संडाससुद्धा. पूर्वी इथे सराव व्हायचा म्हणे. एकानं दारू पिऊन आलेला नवरा व्हायचं, एकानं डोकं फिरलेला माणूस व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याला सांभाळून बाहेर आणायचं. आता तिथे आमच्या खाटा आहेत. मी खोट्या ओट्याला पाय लावून झोपते.

कवायतीच्या उस्तादांना आम्ही 'भोंगा' म्हणतो, का ते आवाज ऐकल्यावर कळेल. गोळ्या पुरत नाहीत, म्हणून बंदुकीनं नेम धरायचा आणि तोंडानं 'ठो' म्हणायचं. माझा नेम अजून एकदाही चुकलेला नाही.

एक विचारायचं होतं. नऊ महिन्यांचं शिक्षण चार महिन्यांत संपवणार अशी कुजबुज आहे. तू अर्थसमितीत आहेस, तुला माहीत असेल. खरं असेल तर इथे तुझा पुतळा उभारू.

तुझी ठकी

*

२५ मार्च

चि. ठकीस,

पुतळा नको, कावळे बसतात. पण बातमी खरी आहे, आणि ती तुझ्या आत्यानंच घडवून आणली आहे.

झालं असं, की पोलीस प्रशिक्षणासाठी तरतूद ठरलेली होती, ती वाढणार नव्हती. त्यात एक तर नेहमीइतकी पोरं नऊ महिने शिकवायची, नाहीतर दुप्पट पोरं चार महिने. रस्त्यावर पोलीस दिसत नाहीत म्हणून लोक आमच्या नावानं ओरडतात. माझ्या कार्यालयात रोज दोन तरी माणसं तेच गाऱ्हाणं घेऊन येतात. मी ठराव मांडला, बोलले आणि तो एकमतानं मंजूर करून घेतला. वर्तमानपत्रात फोटो आला, तुझ्या बाबांनी कापून दुकानात आरशाला लावलाय.

तुमचे प्राचार्य मात्र विरोध करायला आले होते. त्यांची गंमत ऐक. माणसाएवढा पेंढ्याचा बाहुला काखोटीला मारून समितीच्या खोलीत शिरले. आम्ही चहा घेत होतो. त्यांनी कपबश्या बाजूला सारल्या आणि बाहुला टेबलावर पालथा घातला. आमच्या अध्यक्षांच्या बशीत त्याचा हात. मग 'बिथरलेला माणूस' या विषयावर त्यांचं भाषण सुरू झालं. आवाज एका पट्टीतला, वाक्य संपतासंपत नाही. पालथ्या माणसाच्या पाठीवर भार आला की छातीचं काय होतं, असं काहीतरी सांगत होते. तेवढ्यात पलीकडच्या खोलीत जेवण लावल्याचं सांगायला शिपाई आला. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, बाकीचं लेखी द्या." बिचारे बाहुला उचलून निघाले तर दारात त्याची मान अडकली. आम्ही हसू कसं आवरलं ते आमचं आम्हाला माहीत.

जे शिकायचं ते माणूस नोकरीत शिकतो, ठके. मी निवडून आले तेव्हा मला काय येत होतं?

खाण्यापिण्याची हयगय करू नकोस. वहिनी गेल्यापासून तुझ्या बाबांचं अर्धं लक्ष मशीनवर आणि अर्धं दाराकडे असतं. त्यांनाही दोन ओळी लिही.

तुझी आत्या

*

प्रशिक्षण केंद्र
८ जून

आत्या,

सुटलो. पुढच्या शनिवारी दीक्षान्त संचलन. पाहुण्यांच्या यादीत तुझं नाव आहे म्हणून भोंगा उस्ताद माझ्याशी अचानक मऊ बोलायला लागलेत. त्यांच्या मऊ बोलण्यानंसुद्धा खिडक्या हादरतात.

शेवटचे दिवस नुसती पळापळ. कायद्याचं पुस्तक अर्ध्यावर सोडलं. बिथरलेल्या माणसाला कसं हाताळायचं हा धडा पूर्वी तीन आठवडे चालायचा, आमचा एका दुपारी झाला. सगळी तुकडी मैदानात बसवली आणि उस्तादांनी ध्वनिक्षेपकावर वाचून दाखवला. ध्वनिक्षेपक खरखरत होता, ऊन डोक्यावर, सकाळी पळून आलेलो. मी डोळे उघडे ठेवून झोपायला शिकले, हे मात्र इथलं पक्कं शिक्षण. वाचून झाल्यावर उस्ताद म्हणाले, "कुणाला काही विचारायचंय?" कुणाची हिंमत.

माझी नेमणूक आपल्याच गावातल्या ठाण्यात झालीय. सोबत आमच्या तुकडीतला बांबू आहे. उंच आणि सरळ म्हणून बांबू, स्वभावानंही तसाच. दोघंही नवे असताना जोडी लावत नाहीत म्हणे, पण ठाण्यात आता जुन्यांपेक्षा नवेच जास्त.

शनिवारी पिवळी साडी नेस. लांबूनही ओळखू येतेस.

ठकी

*

४ सप्टेंबर

आत्या,

तू फोन करतेस तेव्हा मी नेमकी ड्यूटीवर असते, त्यात बाबा शेजारी असले की धड बोलता येत नाही. म्हणून परत कागद. काळजी करण्यासारखं काही नाही.

काम ठीक चाललंय. उभं राहून पाय सुजतात. लोक पत्ता विचारतात, तो आम्हालाच माहीत नसतो. गेल्या आठवड्यात दारूच्या दुकानासमोर एकानं मला ढकललं, माझी टोपी गटारात. सगळे हसले. त्या वेळी काय करायचं असतं ते मला खरंच आठवेना. म्हणजे आठवण्यासारखं काही होतंच कुठे. बांबूनं त्याला पाय घालून पाडलं आणि वर बसला. मग तो गप्प झाला.

ठाण्यातल्या जुन्या हवालदारांना विचारलं. ते म्हणाले, एकदा खाली घेतला की उठू द्यायचं नाही, शांत होईपर्यंत बसायचं. आता आम्ही तसंच करतो. जमतं.

बाबांना टोपीचं सांगू नकोस. मी त्यांना ती हरवली म्हणून सांगितलंय.

ठकी

*

१९ नोव्हेंबर

ठके,

तुझा फोन बंद. दादा म्हणतो, तू खोलीतून बाहेर येत नाहीस, ताट तसंच परत येतं. मी घरी आले तर तू दार उघडलं नाहीस. म्हणून हे दादाच्या हाती देते आहे.

टीव्हीवर जे दाखवताहेत ते बघू नकोस. ते मास्तर कोण, किती चांगले, यावर आता महिनाभर दळण दळतील. तू निलंबित झालीस, ठीक आहे, ती रीत आहे. घाबरायचं नाही. मी शहरातला चांगला वकील ठरवला आहे. तो सांगेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलू नकोस, त्या बांबूशी तर मुळीच नाही. तो आपली कातडी वाचवायला बघेल.

तुझा ओठ फुटला होता ना? म्हणजे त्यानं आधी हात उचलला. वकिलाला हेच पहिलं वाक्य हवं आहे. तू घाबरलीस, तुझ्यावर हल्ला झाला, तू स्वतःला वाचवलंस.

मी आहे. ठके, लहानपणी तुला ताप आला की माझा पदर धरून झोपायचीस, तशी धर मला.

हे पत्र फाडून टाक.

आत्या

*

२ डिसेंबर

आत्या,

पत्र फाडलं. वकिलाला भेटले. त्याला जे सांगितलं ते तुलाही सांगते, कारण तू टीव्हीवरचं ऐकून काहीबाही समजून बसली असशील.

सकाळची वेळ होती, बाजाराच्या चौकात. ते भूगोलाचे शिक्षक होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. घरातल्या कपड्यांवर, पायात सपाता, चौकाच्या मधोमध उभे. प्रत्येक गाडी थांबवायचे, गाडीवाल्याला विचारायचे, "कुठून आलास?" तो सांगायचा आणि हे त्याला त्याच्या गावाजवळून कोणती नदी जाते, ती कुठे उगम पावते, कुठे मिळते, ते सांगायचे. मग म्हणायचे, "लिहून घे." काही लोक हसत होते. मागचे हॉर्न वाजवत होते. दोन्हीकडे गाड्या तुंबल्या होत्या.

त्यांची बायको फूटपाथवर त्यांचा स्वेटर घेऊन उभी होती. फोन तिनंच केला होता. आम्ही उतरल्यावर धावत आली. म्हणाली, "गोळ्या बंद केल्यात त्यांनी, म्हणून असं झालंय. मारकुटे नाहीत हो. हात लावू नका, फक्त 'सर' म्हणा, सर म्हटलं की ऐकतात."

मी म्हटलं, "सर, बाजूला या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खरंच एक पाऊल आले. तेवढ्यात एका ट्रकवाल्यानं शिवी घातली, बांबूनं घाई केली आणि त्यांचा दंड धरला. ते एकदम घाबरले. हात झटकला तो माझ्या तोंडावर बसला. मारला नाही, आत्या. बसला.

मग आम्ही त्यांना खाली घेतलं. बांबूनं पाय धरले, मी पाठीवर गुडघा टेकला. ते ओरडत होते, धडपडत होते. ते जितके धडपडायचे तितका मी जोर वाढवायचे. आम्हाला वाटलं, हा विरोध करतोय. माणूस श्वासासाठी धडपडतो तेव्हा तसंच दिसतं, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं. बायको काहीतरी म्हणत होती, हॉर्नच्या गदारोळात ऐकू आलं नाही.

मग ते शांत झाले. मी बांबूकडे बघितलं आणि मान हलवली. मला वाटलं, जमलं.

त्यानंतरही मी बसून होते. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि त्यांना उताणं केलं.

बाबा रोज रात्री दाराबाहेर खुर्ची टाकून बसतात. दुकान बंद ठेवलंय.

ठकी

*

२० जानेवारी

ठके,

तुझं पत्र वाचल्यावर मी पुष्कळ दिवस लिहू शकले नाही. सुरुवात तरी कुठून करायची.

तुला मी त्या बाहुल्याची गंमत लिहिली होती. तो माणूस आम्हाला हेच सांगायला आला होता. माणूस पालथा पडला की लगेच कुशीवर वळवा, पाठीवर बसू नका, गप्प झाला तर आधी श्वास बघा. त्याचं बोलणं मी ऐकलं होतं, पण कान जेवणाच्या ताटांकडे होते. आणि तुला लिहिताना त्यातली मान अडकल्याची गोष्ट तेवढी लिहिली.

आता चौकशीत खात्यानं काय सांगितलं आहे, माहीत आहे? की तुमच्या तुकडीला सर्व शिक्षण पूर्ण दिलं होतं. म्हणजे तुम्हाला शिकवलं होतं आणि तुम्ही ते मुद्दाम केलं नाही. हे निवेदन तुमच्या प्राचार्यांचंच आहे. मी त्यांच्या घरी गेले. माझ्यासाठी खुर्ची पुढे केली, पाणी दिलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही स्वतः आम्हाला सांगायला आला होतात." ते म्हणाले, "बाई, तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत. आता मला काही आठवत नाही." त्यांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आहे.

म्हणजे ते आठवणारी आता मीच. समितीतल्या बाकीच्यांना विचारलं, ते विषय बदलतात. पक्षाच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, निवडणूक तोंडावर आहे, पुतणीसाठी घर जाळू नका.

मी कोर्टात सांगणार आहे. दोष तुझा नाही. आम्ही तयार नसलेली पोरं रस्त्यावर सोडली, आणि त्यासाठी हात मी वर केला होता. हे सरळ सांगितलं की तू सुटशील, असं वकील म्हणतो. फक्त तू त्याच्या शब्दाबाहेर जाऊ नकोस.

आत्या

*

११ मे

ठके,

निकालानंतर तुला भेटायला दोनदा आले. दोन्ही वेळा तू नकार कळवलास. मला राग आलेला नाही असं म्हणाले तर खोटं होईल.

मी पिंजऱ्यात उभी राहून माझ्या तोंडानं माझी अब्रू घालवली, ती कशासाठी? सरकारी वकिलानं मला विचारलं, "म्हणजे तुम्ही जेवायला गेलात?" आणि सगळं कोर्ट हसलं. मी म्हटलं, हो, गेले. वकील म्हणत होता, बाजू आपल्याकडे झुकली आहे. आणि दुसऱ्या दिवशी तू उठून काय बोलून बसलीस. तुला कुणी विचारलंही नव्हतं. वकिलानं कपाळाला हात लावला. बांबू सुटला, तो तुझ्यासारखाच शिकलेला, तुझ्या शेजारीच होता. आणि तू पाच वर्षं आत.

मला पक्षानं तिकीट नाकारलं, समितीतून काढलं. जाण्याआधी शेवटच्या बैठकीत नऊ महिन्यांचं शिक्षण परत सुरू करण्याचा ठराव मांडला. अनुमोदन द्यायला कुणी उठलं नाही. पुढची तुकडी चार महिन्यांनीच बाहेर पडते आहे.

अपिलाची मुदत संपत आली आहे. वकील म्हणतो, मनाची अवस्था ठीक नव्हती म्हणून भलतंच बोलले, असं लिहून दे. एवढं कर. माझ्यासाठी नाही, तुझ्या बाबांसाठी.

आत्या

*

१९ मे

आत्या,

बराकीत सगळ्यांसमोर लिहावं लागतं, म्हणून थोडक्यात.

तू कोर्टात बोललीस त्या दिवशी मला तुझा किती अभिमान वाटला, हे मला सांगता आलं नाही. सगळे हसले तेव्हा मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. तू एकही शब्द खोटा बोलली नाहीस.

तुझ्यानंतर त्यांची बायको बोलली, ते तू ऐकलं नाहीस. तू बाहेर बाकावर पाणी पीत होतीस. सरकारी वकिलानं तिला विचारलं, पोलिसांना का बोलावलंत. ती म्हणाली, "फोनवर विचारलं, पोलीस हवेत की ॲम्ब्युलन्स. मी म्हटलं, जे आधी येतील ते पाठवा." मग जरा थांबून तिनं न्यायाधीशांना विचारलं, "मी ॲम्ब्युलन्स म्हणायला हवं होतं का?" न्यायाधीश लिहीत राहिले. ती तशीच उभी होती, उत्तर मिळेल म्हणून. शेवटी शिपायानं तिला खाली उतरवलं.

रात्रभर मला तिचं ते उभं राहणं दिसत होतं. तिला वाटतंय, आपला एक शब्द चुकला म्हणून नवरा गेला. म्हणून मी उठले.

मी तुला लिहिलं होतं, तिचं बोलणं हॉर्नमध्ये ऐकू आलं नाही. वकिलालाही तेच सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. ती माझ्या कानाशी वाकून बोलत होती. "त्यांना उठू दे ग, पोरी. त्यांचा श्वास अडकतोय. उठू दे." तीनदा तरी म्हणाली. तिनं मला पोरी म्हटलं. मी ऐकलं आणि तिला म्हटलं, "बाजूला व्हा, आमचं काम आम्हाला करू द्या."

कोर्टात एवढंच सांगितलं. माझं डोकं तेव्हाही ठिकाणावर होतं, आताही आहे. त्यामुळे वकिलाला हवं ते मी लिहून देणार नाही. अपील करू नका.

मला कुणी शिकवलं नाही, हे खरं आहे. शिकवलं असतं तर सर कदाचित आज वर्गात असते, हेही खरं. पण समोरची बाई काय सांगतेय ते ऐकायला नऊ महिने लागत नाहीत, आत्या. मी गणवेशात होते आणि ती स्वेटर घेऊन उभी होती, म्हणून मी ऐकलं नाही.

तू बोलायचं थांबवू नकोस. समितीत नाही तर बाहेर बोल, चौकात उभी राहून बोल, लोक हसले तरी बोल. पुढची तुकडी निघालीय, त्यातल्या कुणाला तरी उपयोग होईल. दोष शिक्षणाचा होता, तरतुदीचा होता, तुमचा होता, हे सगळ्यांना सांग. पण इथे भेटायला येशील तेव्हा मला ते सांगू नकोस.

रविवारी ये. मी नाही म्हणणार नाही. बाबांना आण. इथे आत यायला चार उंच पायऱ्या आहेत, त्यांना अंधुक दिसतं. हात धर त्यांचा.

ठकी